साडेदहाची दशमी

डॉक्टर आहेरबाईंनी पाठकोऱ्या कागदावर
तिरक्या कापलेल्या पावासारखं काहीतरी काढलं.
म्हणाल्या, हे लिव्हर. हे तुमचं कोठार.
जेवणातली साखर इथे येते,
पेशीपेशीत दाण्यांसारखी रचली जाते,
आणि रात्री, घर झोपलं की,
थोडी थोडी रक्तात सोडली जाते.

तुम्ही मान वर केलीत. तीन महिन्यांत पहिल्यांदा.
"म्हणजे धरणच की," म्हणालात.

एकतीस वर्षं गंगापूर धरणावर
पट्टी वाचण्यात गेली तुमची.
पहाटे सहाला फोनवर पातळी.
दलघफू हा शब्द मी माहेरी ऐकला नव्हता,
लग्नानंतर तो चहाच्या आधी यायचा.
उपयुक्त साठा, मृत साठा.
मृत म्हणजे काय विचारलं, तर म्हणालात,
पाणी असतं गं, पण दाराच्या खाली.
दिसतं, देता येत नाही.

बाईंनाही धरण सोयीचं वाटलं.
म्हणाल्या, मग समजा गाळ साचलाय.
पेशी मेल्या तिथे चिवट धागे विणले गेलेत,
उरलेल्यांना साखर रचायला जागा नाही, ताकदही नाही.
म्हणून जेवल्यावर ती उसळते
आणि पहाटे तळ दिसतो.
धडधाकट माणूस तीन दिवस उपाशी राहिला
तर त्याचं जे होईल
ते यांचं एका रात्रीत होतं.
कोठार रिकामं, की शरीर मांडीचं मांस मोडून खातं.

मी तुमच्या मांड्यांकडे पाहिलं.
पायजमा खुर्चीवर वाळत घातल्यासारखा.

नको तिथे मात्र साठतंय.
पोटात पाणी. गेल्या गुरुवारी चार लिटर काढलं.
तुम्ही बाटलीवरची रेघ वाचलीत
आणि नर्सला म्हणालात, डोळा रेघेच्या समोर आणा,
वरून बघितलं की चुकतं.

द्राक्षांचं गाव हे. लोकांना वाटतं वाईन.
सातपूरचे मावसदीर तर हसून म्हणाले,
"धरणावर थंडी फार वाजायची का रे निवृत्ती?"
थेंब घेतला नाही कधी.
कुठल्या तरी जुन्या सुईतून
बी नावाची कावीळ आली
आणि वीस वर्षं काही न बोलता घरात राहिली.
हे किती जणांना सांगत बसू?

भद्रकालीत मटणवाल्याकडे
माझ्यापुढची बाई म्हणाली, "पाव किलो काळीज द्या."
त्यानं यकृत तोडून दिलं, गडद, ओलं.
इतकी वर्षं
काळजाचं पाणी झालं म्हणताना
मी हात छातीवर चुकीच्या जागी ठेवत होते.
काळीज उजवीकडे असतं. बरगड्यांखाली.

आता रात्री साडेदहाला दशमी.
कणीक दुधात मळायची, गूळ नाही,
वर अर्धा पेला दूध.
झोपेआधीचा हा घास चुकवू नका, बाई म्हणाल्या,
गोळी चुकवत नाही तसा.

परवा चुकला.
लाईट गेली होती, तुम्ही डुलक्या घेत होतात,
म्हटलं झोपू दे.
तीन वाजता उशी ओलीचिंब, हात फडफडत,
आणि तुम्ही भिंतीला सांगत होतात,
"पातळी घ्या. अहो, पातळी घ्या लिहून."
साखर एक्कावन्न.
चमच्यानं साखरपाणी घालत मी म्हटलं,
घेतली. लिहून घेतली.
तुम्ही शांत झालात,
पाणी घशाखाली उतरायच्याही आधी.

आणि मी खरंच लिहिली.
तुमच्याच जुन्या वहीत, तुमच्या शेवटच्या नोंदीखाली.
रकाने होते तसेच ठेवले,
तारीख, वेळ, साठा, शेरा.
शेरा कोरा राहतो.

काल तुम्ही दशमी मोडलीत
आणि अर्धी माझ्या ताटलीत सारलीत.
मी रागावले. बाईंनी अख्खी सांगितलीय.
"विसर्ग," म्हणालात,
"खालच्यांनाही सोडावं लागतं."

मी ती अर्धी उचलून
परत तुमच्या दुधात बुडवली.
शेऱ्यात लिहिलं, विसर्ग बंद.